तांबडीचा खूर

पिराजीनं ठोकलेला तिसरा खिळाही धरला नाही. खुराचा कपचा उडाला, नाल एका बाजूला लोंबायला लागली आणि तांबडीनं पाय हिसकून घेतला. पिराजी हातोडा खाली ठेवून तसाच उकिडवा बसून राहिला.

“वैनी, खिळ्याचा दोष न्हाई. खूरच ऱ्हायला न्हाई. बिस्किटागत झालाय बघा,” तो सरुबाईला म्हणाला.

कोल्हापुरातल्या स्टँडवर टांगे होते तेव्हापासून पिराजी नालबंदी करत होता. आता स्टँडवर रिक्षा होत्या आणि रिक्षाला नाल लागत नाही, म्हणून तो वेल्डिंगच्या दुकानात कामाला जायचा. पण भाऊसो कांबळ्याच्या घोडीला नाल मारायची म्हटलं की दुकानाला सुट्टी देऊन यायचा.

सरुबाईचा नवरा भाऊसो दोन महिन्यांपूर्वीच गेला होता. दोन हजार दोन सालच्या जूनमध्ये, रेशन घेऊन येताना छातीत कळ आली आणि दारात पोचेपर्यंत सगळं संपलं. तीस वर्षं त्यानं टांगा हाकला. शेवटची तीन वर्षं धंदाच उरला नव्हता, तरी त्यानं घोडी विकली नाही. वर्षातला एक दिवस तिचा होता. चौदा एप्रिलला वस्तीतल्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर ठेवलेला टांगा तांबडी ओढायची, आणि भाऊसो पांढरा सदरा, निळा फेटा घालून असा बसायचा की जणू सगळं कोल्हापूर त्यालाच बघायला आलंय.

भाऊसोच्या जलदानविधीच्या दिवशी मंडळाच्या पोरांनी दबकत विचारलं होतं, “काकी, पुढच्या वर्षी ट्रॅक्टर सांगायचा का?”

“का? टांगा हाय की. मी हाकतो,” सरुबाई म्हणाली होती. कोल्हापूरची बाई ती, ‘हाकते’ कशाला म्हणेल! आणि हाकायला तिला येतही होतं. तेव्हा आता नाल बसायलाच हवी होती.

तिची मुलगी दीप्ती राजारामपुरीत औषधांच्या दुकानात कामाला होती. नाल निसटली त्याच संध्याकाळी तिनं गोळ्यांची पाकिटं आणली.

“केस गळतीच्या हायत ह्या,” दीप्ती म्हणाली. “पण हेच औषध घोड्याच्या खुराला देत्यात. पुस्तकात बघितलंय मी. आपल्याला एक, तर हिला दोन.”

“म्हंजे खूर ऱ्हाईल बाजूला आन् आयाळ येईल गुडघ्यापत्तोर!” सरुबाई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी मायलेकी हसल्या.

एकदा इलाज सुरू झाला म्हटल्यावर कोल्हापुरात सल्ल्याला तोटा नाही. दूध डेअरीतून गाईम्हशींचं खनिज मिश्रण आलं. जनावरांच्या औषधाच्या दुकानातून एक डबा आला, त्यावर परदेशी पांढऱ्या घोड्याचं चित्र होतं. पिराजीनं खुराला चोळायला करंजेल दिलं. शेजारच्या बाळाबाईनं तर डिंकाचे लाडूच पाठवले. तिच्या सुनेला बाळंतपणात फार लागू पडले होते म्हणे. यातलं कुठलं निवडायचं हे कळेना, तेव्हा मायलेकींनी सगळंच द्यायचं ठरवलं. लाडवांसकट.

दोन महिने झाले. तांबडीच्या अंगावर चकाकी आली, पोट सुटलं, पण खूर तसाच ठिसूळ. उलट आता ती पुढचे पाय उचलून टाकताना जपून टाकायला लागली. ऑक्टोबरात दीप्तीनं जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घरी आणलं.

डॉक्टरीणबाई तिशीच्या आतल्या, बोलायला फटकळ. त्यांनी पुढचा पाय मांडीवर घेतला, खुरावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. तिथं आडवी वळी उठली होती, काठीचा वळ उठावा तशी.

“मावशी, हरभऱ्याचे दाणे आणा चारपाच.”

सरुबाईनं आणले. डॉक्टरीणबाईंनी केसांची कड संपते तिथून वळीपर्यंत एकाखाली एक दाणे लावून दाखवले. चार बसले.

“खूर महिन्याला साधारण एका दाण्याएवढा वाढतो. वरून खाली. म्हणजे ही वळी चार महिन्यांपूर्वीची. जूनमध्ये काय झालं होतं हिला?”

दीप्तीनं सांगितलं, “जूनच्या नऊ तारखेला बाबा गेले.”

डॉक्टरीणबाईंनी पाय हळूच खाली ठेवला. मग विचारलं, “त्या दिवसांत ही काय खात होती?”

तेव्हा सगळं निघालं. भाऊसो गेल्यावर तांबडी वैरणीला तोंड लावेना. रस्त्याकडे मान करून उभी राहायची. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, मुकं जनावर दुःख करतंय, आणि तिच्यापुढं काहीतरी ठेवायचा. कुणी भिजवलेले हरभरे, कुणी गव्हाचा कोंडा, कुणी शेतावरून उसाच्या शेंड्यांचं हिरवंगार वाडं. आणि गूळ तर प्रत्येकानं. गुळाच्या गावात जनावरावर माया दाखवायची ती गुळानंच.

“दिवसभर पळणाऱ्या घोडीला हे सगळं जिरतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दारात उभ्या घोडीला नाही. गोडानं तिचा खूर आतून तापतो आणि धरच सोडतो. उसाच्या वाड्यानं खाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, अंगाला लागत नाही. आता हिला काय काय देताय ते डबे दाखवा.”

दीप्तीनं डबे मांडले. बाईंनी दोन्हींवरचं वाचलं.

“दोन्हींत तेच तेच आहे. यातलं काही जास्त झालं तर त्यानंच खूर तडकतो. डेअरीचं ठेवा, हे चित्राचं बंद. गोळ्या बरोबर आहेत, मूठभर जवस द्या, लसूणघास आणि वाळलं गवत द्या. लाडू तुम्ही खा.” मग त्यांनी सहज विचारलं, “गोळी कशात देता?”

“गुळात,” सरुबाई म्हणाली. “नुसती खाईत न्हाई. म्हणून सकाळी एक खडा, सांजच्याला एक.”

दीप्तीनं कपाळावर हात मारून घेतला. गोळ्या तिनं आणल्या होत्या, पण सकाळी ती दुकानात असायची आणि संध्याकाळी उशिरा यायची. आई गोळी कशात देते हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

“आणि गोळीशिवाय?”

सरुबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. त्यात गुळाच्या खड्याची गाठ होती. “आनी एक. तेवढा ठरलेला हाय तिचा.”

टांगा सोडल्यावर भाऊसो सदऱ्याच्या खिशातून गुळाचा खडा काढून तांबडीला द्यायचा, आणि मगच घरात येऊन चहा मागायचा. तो गेल्यावर ती वेळ झाली की तांबडी फुरफुरायला लागायची. सरुबाईच्या हातात नवऱ्याचं तेवढं एकच काम उरलं होतं. ते करताना तिला बरं वाटायचं. दिवसभरात तेवढाच वेळ बरं वाटायचं.

“ते आजपासून बंद,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आवाज उतरवून म्हणाल्या.

“एप्रिलला नाल बसंल का, बाई?”

“जूनमध्येच गूळ थांबला असता तर बसली असती. आता चांगला खूर केसांपाशी आजपासून सुरू होणार. एप्रिलपर्यंत सहा दाणे. खिळा बसतो खाली, जुन्यात. मी खोटं सांगणार नाही.”

सरुबाईला त्यांचा राग आला. मग तो राग तिच्यावरच उलटला, आणि पुढे कितीतरी दिवस तिथंच राहिला. जिला जपायचं म्हणून केलं तिलाच आपण लंगडी केली, हे तिला भाकरी थापतानासुद्धा आठवायचं.

पण गूळ बंद म्हणजे बंद. कोडोलीहून तिचा भाऊ घासाच्या पेंढ्या पाठवू लागला. गोळी कुटून, भिजवलेल्या जवसात कालवून ती तांबडीच्या ओठांना लावायची. तांबडी तिला ढुशी द्यायची, पदराला तोंड लावायची, तिथं काही नाही म्हटल्यावर खूर आपटायची.

“आपट, आपट,” सरुबाई म्हणायची. “मला बी कोन देत न्हाई गूळ.”

दर महिन्याच्या नऊ तारखेला ती हरभरे घेऊन बसायची. पाच झाले, सहा, सात. वळी खाली खाली सरकत होती आणि वरून येणारा खूर गुळगुळीत, काळाभोर होता.

बारा एप्रिलला पिराजी आला. त्यानं खालचा खूर तासला, कानस फिरवली, आणि ती वळी चंद्राच्या कोरीसारखी सुटून जमिनीवर पडली.

“ही गेली बघा जूनची,” तो म्हणाला. मग नाल धरून एक खिळा ठोकून पाहिला. कपचा उडाला. वळीच्या वरचा खूर अजून गुळातल्या महिन्यांचा होता.

पिराजीनं इकडंतिकडं पाहिलं. “वैनी, मिरवणुकीपुरती बसवतो. आठ खिळं वरनं घेतो, तार आवळतो. दोन तास टिकंल. मग काढून टाकू.”

सरुबाईनं घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि घरात बघितलं. आतल्या खुंटीवर निळा फेटा इस्त्री करून टांगलेला होता.

“आन् नव्या खुरात खिळं गेल्यावर?”

“तडकंल थोडा,” पिराजीनं कबूल केलं.

“मग नको. ऱ्हाऊ दे.”

संध्याकाळी तिनं स्वतः जाऊन पोरांना ट्रॅक्टर सांगायला लावला.

चौदा तारखेला ती नवी पांढरी साडी नेसून, तांबडीची दोरी धरून दारात उभी राहिली. हलगी जवळ आली तशी तांबडीनं कान टवकारले आणि ती पुढचा पाय मातीवर घासायला लागली.

“आई, नुसती मागनं नेऊया का हिला?” दीप्तीनं विचारलं. “दहा पावलं.”

“डांबरावर न्हाई,” सरुबाई म्हणाली.

फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर समोर आला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “भाऊसोची घोडी कुठाय?” तेव्हा सरुबाईनं हात वर करून सांगितलं, “हितं हाय! फुडल्या वर्षी येतीया!” आणि तसबिरीकडे बघून हात जोडले. ट्रॅक्टर पुढं गेला.

तांबडीनं मान वळवली आणि तिच्या पदराला तोंड लावलं. सहा महिन्यांनी पदराला गाठ दिसली होती. ती ओठांनी चाचपत राहिली, तेव्हा सरुबाईनं गाठ सोडून हात पुढं केला. तळहातावर खुराची ती कोर होती. तांबडीनं हुंगली, त्यावर एकदा फुरफुरली, आणि तोंड बाजूला केलं.

सरुबाईनं कोर पुन्हा पदरात बांधली, आणि हलगी लांब जाईपर्यंत दोघी दारातच उभ्या राहिल्या.