मेपलच्या गुऱ्हाळाचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. हौस म्हणून नाही. कॉलेजातली माणसं येतात, मला कुरवाळतात आणि म्हणतात, "याला वाचा असती तर ऑरिनबद्दल काय काय सांगितलं असतं!" मग ऐका आता. शिक्षण मला नाही. अंगावर लिहिलं गेलं, तेवढंच.

मी अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या मेपल-गुऱ्हाळाचा. पाइनच्या पाच आडव्या फळ्या, पीझली घराण्यातल्या कुणा म्हाताऱ्यानं ठोकलेल्या. इकडे मार्चात मेपलच्या झाडांना भोकं पाडतात, पाण्यासारखा पातळ रस गोळा करतात आणि काहिलीत आटवून गोड पाक करतात. पहिली काहील चढली की तारीख पेन्सिलीनं माझ्यावर लिहायची, आणि माझ्यावरचं कुणी पुसायचं नाही. घराण्याची रीत.

ऑरिन पीझली कवी. आयुष्यात एक पातळ पुस्तक छापलं, तेही गावात कुणी उघडलं नाही. घरात तो आणि बहीण थिर्झा, दोघंच. तो काहिलीवर, ती भट्टीपाशी. एकदा वहीत डोकं घालून बसला आणि अख्खी काहील करपवली.

"ऑरिन! पुन्हा इथं कागद दिसला तर भट्टीत घालीन. तुझ्यासकट!"

"मी मावायचा नाही, थिर्झे."

"घडी घालीन."

दरवाजा म्हणजे काही कागद नव्हे. पठ्ठ्या तारखांच्या मधेमधे माझ्यावर कविता लिहायला लागला. थिर्झा धुसफुसली, पण पुसणार कशी? "मी नाही वाचत असलं," एवढंच म्हणायची.

शेवटच्या हंगामात तर तो म्हाताऱ्या हाडांनी जमिनीवर पालथा पडून माझ्या सगळ्यात खालच्या फळीवर लिहीत होता. वर जागा असताना! मला काही कळेना.

पुढच्या फेब्रुवारीत ऑरिन गेला. लाकडं तोच फोडायचा, ढीग अर्धाच राहिला. मार्चात थिर्झानं एकटीनं काहील चढवली. रस आटत आला आणि लाकडं संपली. कुऱ्हाड घेऊन ती माझ्यापाशी आली, खालची फळी उचकटली आणि भट्टीत सारली.

एप्रिलात कॉलेजचे मास्तर आले. त्यांना ऑरिनचं दुसरं पुस्तक काढायचं होतं. हातात त्याचं शेवटचं पत्र: सगळ्यात चांगली कविता दरवाजाच्या खालच्या फळीवर आहे. तिथं भोक बघून मास्तरांनी पत्र पुन्हा वाचलं.

"बाई, हे काय केलंत!"

"लिहून घ्या," थिर्झा झारा पुसत म्हणाली.

'तू विस्तव राखलास, म्हणून माझं पाणी गोड झालं...' इथून जी सुरू झाली ती चोवीस ओळी, कुठं अडखळली नाही.

"म्हणजे तुम्ही वाचली होती?"

"लाकडं या दाराशेजारीच रचलेली. दिवसातून शंभरदा वाकायचे. डोळ्यांसमोर दुसरं काय होतं?"

"मग जाळलीत का?"

"तेवढीच पाठ होती. वरच्या नव्हत्या."

पुस्तक निघालं. मास्तरांनी आभार मानले, गावानं तिच्यापुढं आदरानं टोप्या काढल्या. नवी फळी ती अजून बसवू देत नाही, वारा थेट आत येतो. बाईचं केलेलं बरोबर होतं, ते मी मानतो. पण लाकूड माझं होतं, आणि मला कुणी विचारलं नाही. माझी माफी एकीनं मागायची राहिलीय: थिर्झा पीझली.