तिसऱ्या सीटची वाट

"पप्पा, तुम्हाला स्टेशन ते कोपर सोडून दुसरा रस्ता येतो का?"

मित्रांनो, हा प्रश्न प्रियांकाने डोंबिवलीच्या भर रिक्षा स्टँडवर, सगळ्यांसमोर आपल्या वडिलांना विचारला. "हिंमत असेल तर विचारून दाखव," असं तिच्या मैत्रिणी सोनल आणि रसिका म्हणाल्या होत्या. आता त्या दोघी उसाच्या रसाच्या गाडीमागे तोंड दाबून हसत होत्या.

मागच्या रिक्षातून काळुराम ओरडला, "अरे धम्मपाल, पोरीने तुझाच मीटर डाऊन केला रे!"

धम्मपाल म्हणजे माझे मालक. हँडलवरची त्यांची मूठ घट्ट झालेली मला कळली. आणि खरं सांगू? माझ्या तिन्ही चाकांत शिरशिरी आली. हा प्रश्न मलाच केव्हापासून विचारायचा होता!

मी एक जुनी शेअर रिक्षा आहे. नवी होते तेव्हा माझं काळं-पिवळं अंग असं चकाकायचं की पोरं त्यात बघून भांग पाडायची. चौदा एप्रिलला मला निळे झेंडे लागायचे, तेव्हा तर मी वळणंसुद्धा ऐटीत घ्यायची. पण काम मात्र एकच. मागे तीन सीट भरल्या की निघायचं, सात मिनिटांत कोपर. तिथे पुन्हा तीन सीट, पुन्हा स्टेशन. बारा वर्षं हेच! मागे बसून कोणी टेंभी नाक्याच्या नवरात्रीची गोष्ट सांगायचं, कोणी ठाण्यात रस्ता कसा चुकला ते. गोष्ट रंगात आली की कोपर यायचं आणि माणसं उतरून जायची. पुढे काय झालं ते मला कधी कळलंच नाही. कसं चैन पडणार सांगा!

हळूहळू माझं रेक्झिन फाटलं, इंजिन खोकायला लागलं. धम्मपाल म्हणायचे, "चालतंय ना? चालू दे." प्रियांका मात्र कान लावून ऐकायची. मोबाइलवर बघून बघून ती माझा प्लग साफ करायला शिकली, क्लचची वायर बदलायला शिकली. मग काळ्या हातांनी माझा आरसा वळवून स्वतःलाच म्हणायची, "एक नंबर!"

ती नुकतीच दहावी पास झाली होती. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका संस्थेत गाड्यांच्या दुरुस्तीचा कोर्स आहे, तो तिला करायचा होता. पण तिची आई चित्रा म्हणायची, "ठाणं काय गल्लीच्या टोकाला आहे? सोनल, रसिका येत असतील तर जा. तिघी असाल तर मला घोर नाही." आता रसिकाला कॉमर्स हवं होतं, आणि सोनलचं रोज नवीन काहीतरी ठरायचं.

स्टँडवरचा तो प्रश्न धम्मपालना चांगलाच झोंबला. "रविवारी तू आणि आई बसा मागे," ते म्हणाले. "तुझं वागळे इस्टेटच दाखवून आणतो."

रविवारी प्रियांका आणि चित्रा नटूनथटून बसल्या. धम्मपालनी मला थेट स्टँडवर नेलं आणि लाइनीत उभं केलं. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

"अहो, कोणाची वाट बघताय?" चित्राने विचारलं.

"तिसरी सीट भरू दे की!"

मग स्वतःच जीभ चावून त्यांनी मला लाइनीतून बाहेर काढलं. सगळा स्टँड हसत होता आणि मी सुटले होते!

मोठागावचा खाडीवरचा पूल लागला. एवढं पाणी मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हायवेला ट्रक अंगावर आल्यासारखे जायचे, मी थरथरायची आणि तरी मला अजून जोरात जायचं होतं. माजिवड्याला पुलांचा नुसता गुंता.

"पप्पा, हा पूल मघाशी येऊन गेला."

"तो वेगळा होता."

"तोच हो! ती बनियनची जाहिरात बघा ना!"

तिसऱ्यांदा बनियन दिसल्यावर प्रियांका उतरली. पेरूवाल्या मावशींना रस्ता विचारून आली आणि "डावीकडे घ्या, आता सरळ," असं सांगत राहिली. बारा वर्षांत धम्मपालनी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या सांगण्यावरून हँडल वळवलं.

संस्थेच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, "फॉर्म ऑनलाइन आहे. बुधवारी शेवटची तारीख."

जाळीतून आतली उघडी इंजिनं दिसत होती. धम्मपाल बराच वेळ बघत राहिले. "जागा चांगली आहे गं," ते म्हणाले. "पण सोनल, रसिकाचं ठरू दे. तिघी झालात की बघू."

"तेच म्हणते मी," चित्रा म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल तर "चालतंय ना" म्हणून त्याला सोडून देऊ नका. रोज घटकाभर त्याचा आवाज ऐका, कुठे दुखतंय ते बघा. आणि त्याला एकदा तरी लांब न्या. एकाच रस्त्यावर फिरून फिरूनही आम्ही झिजतो.

बघा ना, त्या फाटकापाशी मी बंद उभी होते, तरी आतून नुसती धडधडत होते. तेवढ्यात प्रियांकाने माझ्या टपावर जोरात थाप मारली.

"आई, पप्पा, तिसरी सीट भरायची वाट मी बघणार नाही. आज घरी गेल्यावर फॉर्म भरणार, आणि इथे मी एकटी येणार."