बोलणीचं पथ्य

चारुताची साखर वाढली, तेव्हा झाशीच्या सिव्हिल लाइन्समधले डॉक्टर म्हणाले, "गोली अभी नहीं. पंद्रह दिन जो खाएँ, सब लिखकर लाइए."

वही तिने लेकीकडे दिली. ऋता सातवीत, जन्म इथलाच. मराठी कळायची, पण अर्धी.

'कमी खा' म्हणणारे नातेवाईक ढिगाने होते. का खातेस, हे एकानेही विचारलं नाही. ऑफिसात साहेब, अजयजी, रोज चारचौघांत ओरडायचे. चूक त्यांची, आवाज त्यांचा, मान खाली चारुताची. मग सीपरी बाजारात स्कूटी थांबायची आणि उभ्याउभ्या चार समोसे आत. भुकेचा काय संबंध? भूक बिचारी निरपराध!

"आई, आज काय खाल्लं?"

"बोलणी. मग चार समोसे."

ऋता इमानेइतबारे लिहायची.

पंधरा दिवसांनी डॉक्टर वही वाचायला लागले. "सोमवार, बोलनी, समोसे. मंगलवार, बोलनी, जलेबी. रविवार, दो रोटी, बस... चारुताजी, ये बोलनी आपके यहाँ की मिठाई है क्या? इसके बिना तो आप समोसा छूती ही नहीं! बेटा, घर में बनती है?"

"नहीं अंकल, ऑफिस में मिलती है."

चारुता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. रविवारी ऑफिस नसतं.

"बोलनी मतलब डाँट, डॉक्टरसाहब."

"अच्छा! तो परहेज़ उसी का कीजिए."

दुसऱ्या दिवशी अजयजींनी कागद नाचवला. "चारुताजी, अकल घास चरने गई है?"

ती उठली.

"डॉक्टर ने मना किया है, अजयजी."

"क्या?"

"डाँट खाना. शुगर बढ़ती है. गलती हो तो धीरे से बताइए. और ये दस्तखत आपके हैं."

मागे कुणाला तरी चहाचा ठसका लागला. अजयजींनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि ते केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी सवयीने स्कूटी सीपरीत थांबली.

"दीदी, चार?"

चारुताने पोटाला विचारलं. पोट म्हणालं, एक. तो तिने बाकड्यावर बसून खाल्ला. यात बडीशेप असते, हे तिला आज कळलं.

घरी ऋता पेन उघडून तयार. "आई, आज बोलणी खाल्ली?"

"नाही गं," चारुता म्हणाली, "आज वाढून आले."