माझं बटण दाबलेलंच राहू द्या

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस संच आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला दुरुस्त व्हायचं नाही! मला वायरीने जोडलेल्या फोनवरचं बोलायचं बटण आत रुतून बसलंय. ते सरळ करायला या संग्रहालयाचा कारागीर स्क्रूड्रायव्हर घेऊन समोर उभा आहे. त्याने हात लावायच्या आत माझं ऐका.

कारखान्यात मला हिरवा रंग दिला आणि पाठीवर घ्यायला पट्टे जोडले. मला वाहायचा एक जवान. दिवसभर माझ्यावर बोलायचा, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणत. चढ लागला की तो कुरकुरायचा, "काय खातोस रे? रोज जडच होतोयस!" पण पाऊस आला की स्वतः भिजायचा आणि आपली चादर मला गुंडाळायचा.

माझी रीत साधी. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एकाने दाबून धरलं, की बाकी सगळ्यांची तोंडं बंद.

मग आमच्या तुकडीवर नवा अधिकारी आला. मिसरूड नुकतं फुटलेलं आणि गणवेशाला कडक इस्त्री. जवानांनी लगेच नाव ठेवलं, नवरदेव!

त्याची पहिली लढाई एका उघड्या टेकडीवर झाली. सकाळी आम्ही निम्मा चढ चढलो आणि वरून गोळ्या सुटल्या. पोपटच्या मांडीत गोळी घुसली. आम्ही दोघे धाडकन आपटलो. नवरदेवाने माझा फोन हिसकावला आणि बटण दाबून ओरडत सुटला, "कोणी आहे का? अहो, कोणी ऐकतंय का?" अंगठा काही सुटेना! मग उत्तर येणार कुठून? त्याची धाप मात्र सगळ्या फौजेला ऐकू जात होती.

"साहेब, अंगठा काढा!" पोपट कण्हत म्हणाला.

अंगठा निघाला, तशी खालून मोठ्या साहेबांची गर्जना आली. "किती वेळ वाट अडवलीस, गाढवा! टेकडीवर आपल्या तोफा सुटणार आहेत. ताबडतोब खाली ये."

"पोपटला चालता येत नाही, साहेब. थोडं थांबा."

"एकासाठी सगळं अडवू? नीघ तिथून. मी तोफांना हुकूम देतोय."

तोफांचा हुकूमही हवेतल्या त्याच वाटेने जायचा होता, जी मघाशी अडली होती. नवरदेव माझ्याकडे बघत राहिला. भीती गेली नव्हती हो, ओठ पांढरेफटक होते. पण त्याने बाकी जवानांना खाली पिटाळलं, पोपटला माझ्यासकट पाठीवर घेतलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

"बटण दाब. खाली पोहोचेपर्यंत सोडू नकोस."

"साहेब, तुमची नोकरी जाईल!"

"जाऊ दे गेली तर. तू बोल. पोपट आहेस ना?"

आणि पोपट बोलत सुटला. बायकोशी झालेलं भांडण, लेकीचा पडलेला दात, जे तोंडाला येईल ते! खाली मोठे साहेब घसा फोडून हुकूम देत असतील, पण तोफांपर्यंत एक शब्द पोहोचेल तर शपथ. कळ आली की पोपट आणखी जोरात दाबायचा. शेवटी बटण आत रुतलं. मला लागलं, पण मी म्हटलं, रुतू दे! पायथ्याशी पोहोचल्यावरही ते सुटेना, म्हणून वाट मोकळी करायला पोपटने फोनची वायरच उपटली. मग तोफा धडाडल्या.

नवरदेवाला पदक नाही, खरडपट्टी मिळाली.

"चूक कबूल आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"पहिल्यांदा दाबलं ती चूक होती, साहेब. दुसऱ्यांदा दाबलं ती नाही."

पुढे हलके, छोटे संच आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. पट्टे उंदरांनी कुरतडले. फार एकटं वाटायचं. मग कोणाला तरी आठवण झाली आणि मी इथे आलो.

आणि आता हा कारागीर! त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, इतक्यात बघायला आलेली एक बाई पुढे झाली.

"ते राहू द्या हो."

"अडकलंय ते, बाई."

"अडकलं म्हणून तर बाबा घरी आले. माझा दात पडल्याची बातमी सगळ्या फौजेला यानेच दिली!"

 कारागिराने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि फडक्याने माझी धूळ पुसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. धूळ पुसा, उंदरांपासून वाचवा, तेवढी माया आम्हालाही हवी असते. पण आमच्या खुणा पुसू नका. आणि माझ्या बटणाला तर हात लावूनच बघा कोणी!