हवालदाराचे संवाद

वडिलांची वही विनोदिनीने शामरावांच्या हाती दिली ती मुद्दाम ऐन वेळी, सभागृहातले दिवे मालवत असताना.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभी हयात काढलेले तिचे वडील दिवाकरराव दर दिवाळीत रायपूरच्या मराठी मंडळात शंभर वर्षांपूर्वीचा एक मूकपट दाखवीत. पंधरा मिनिटांची धमाल. एक रंगारी, एक शिडी, एक जाडा हवालदार. पडद्याशेजारी उभे राहून सगळ्यांचे संवाद ते आपल्या वऱ्हाडीत बोलत, आणि गुढियारी मोहल्ल्यातली पोट्टेपोट्टी हसून लोळत. मग शहर राजधानी झालं, मोठमोठे अधिकारी आले आणि शामराव मंडळाचे सचिव झाले. एका दिवाळीत त्यांनी भर खेळात माइक काढून घेतला. "'मले' नव्हे दिवाकरराव, 'मला'. मी काय म्हणतो, मुलांचे कान बिघडतात." 'मी काय म्हणतो' हे त्यांचं पालुपद सगळ्या मंडळाला पाठ होतं.

त्यानंतर अकरा वर्षं दिवाकरराव मंडळात तोंड मिटून बसले. घरी मात्र त्यांनी हवालदाराचे तेवढे संवाद नव्याने लिहून काढले. ते फक्त विनोदिनीने वाचले होते. गेल्या महिन्यात दिवाकरराव वारले.

आज श्रद्धांजली म्हणून तोच मूकपट होता, आणि संवाद वाचणार होते शामराव. त्यांनी वही वरवर चाळली. हवालदाराची भाषा किती शुद्ध आहे, दिवाकरराव शेवटी सुधारले म्हणायचे, असं ते कौतुकाने म्हणाले. विनोदिनी मान डोलावत नुसतं 'हव' म्हणाली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

पडद्यावर हवालदार ऐटीत आला. "मी काय म्हणतो, शिस्त हवी," शामरावांनी वाचलं, आणि हवालदार रंगाच्या बादलीत बसला. मागे कोणीतरी खुदकन हसलं. "मी काय म्हणतो, हे सुसंस्कृतांचं सभागृह आहे." शिडी डोक्यात. मंडळातल्या रमाकाकूंनी पदर तोंडाला लावला. आपलं वाचन रंगतंय असं वाटून शामरावांनी आवाज चढवला.

"'मले' नव्हे, 'मला'."

रंगाऱ्याची लाथ नेमकी तेव्हाच बसली.

हसण्याने छप्पर उडायचं बाकी राहिलं. शामराव थांबले. मोबाइलच्या उजेडात त्यांनी ती ओळ पुन्हा पाहिली, मग विनोदिनीकडे पाहिलं. मागे पडद्यावर हवालदार आवाजाविना तोंडाची उघडझाप करत होता.

विनोदिनी एकदाही हसली नव्हती. शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली, "थांबले काहून काका? वाचा नं. बाबाचं अजून एक पान बाकी आहे."