पुढची गाडी

हिमानीनं डावा इंडिकेटर लावला, स्टिअरिंग बोटभर वळवलं आणि ट्रकच्या कडेनं पुढे डोकावून पाहिलं. पुढे काहीच नव्हतं. रस्ता नाही, डोंगर नाही, आकाशही नाही. पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलेलं. तिनं इंडिकेटर बंद केला आणि गाडी निमूट पुन्हा ट्रकच्या मागे आणली.

गाडीच्या स्पीकरमधून देवदत्त काकांचा आवाज आला.

"काय झालं? ये ना पुढे. मोकळा आहे रस्ता."

"काका, मला दिसत नाहीये काही."

"अगं, मला दिसतंय ना! मी सांगतोय तुला. दाब आणि ये."

शेजारच्या सीटवर काकांची बायको, उल्का काकू, संत्रं सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दाब आणि ये," त्या पुटपुटल्या. "टूथपेस्ट आहे का?"

"काका, मी ट्रकच्या मागेच राहते. तुम्ही पण सावकाश जा, प्लीज. आन्या आहे तुमच्याबरोबर."

"आन्या मजेत आहे. हा ट्रक तुला रात्रीपर्यंत पोचवणार नाही, सांगून ठेव—"

आवाज तुटला. डॅशबोर्डवरच्या फोनच्या चित्रावर फुली आली. स्टीव्हन्स पासचा घाट चढताना फोन जातोच, हे हिमानीला कोणीतरी आधी सांगितलं होतं. ते सांगणारे बहुधा काकाच असावेत.

नुकतीच काकांची गाडी याच ट्रकच्या डावीकडून, समोरून येणाऱ्यांच्या लेनमधून, बर्फाचा लोट उडवत पुढे निघून गेली होती. टपावर आन्याची बर्फावर घसरायची जांभळी स्लेड बांधलेली होती. ती लोटात शिरताना एकदा दिसली, मग नाही. मागच्या सीटवर दहा वर्षांची आन्या होती. सकाळी निघताना ती हिमानीच्याच गाडीत होती. पण घाटाखाली कॉफीला थांबले तेव्हा म्हणाली, "आई, काकाज कार इज सो मच कूलर," आणि उडी मारून तिकडे गेली. काकू त्याच वेळी आपली पर्स आणि संत्र्यांची पिशवी घेऊन इकडे आल्या. ही अदलाबदल इतकी सहज झाली की हिमानीला त्यात नाही म्हणायला जागाच सापडली नाही.

खरं तर हिमानी येणारच नव्हती. तिचा नवरा शंतनू व्हिसाच्या स्टँपिंगसाठी पुण्याला गेला आणि तिथेच अडकला. घाटापलीकडच्या लेव्हनवर्थला सुट्टीसाठी घेतलेलं केबिन कॅन्सल करायचं ठरत होतं, आन्याचे डोळे भरून येत होते, तेवढ्यात देवदत्त काकांनी सूत्रं हातात घेतली. "तू फक्त माझ्या मागे मागे यायचं," ते म्हणाले. "डोकं चालवायचं नाही."

अमेरिकेत, रेडमंडच्या मराठी मंडळींत पुढची गाडी काकांची, हे कोणी ठरवलेलं नव्हतं आणि कोणी मोडलेलंही नव्हतं. सहल असो, कोणाच्या नव्या घराची वास्तुशांत असो, दोनच गाड्या निघाल्या तरी काकांच्या मनात त्यांचा ताफा होई. मागून आलेल्यांना त्यांनी बँक दाखवली होती, शाळा दाखवल्या होत्या, ताजा कढीपत्ता कुठे मिळतो ते दाखवलं होतं. त्याची परतफेड ते कधी मागत नसत. मागून आलेल्यानं मागेच असावं, एवढंच. तसं पाहिलं तर सौदा वाईट नव्हता. बहुतेकांना तो परवडत होता.

"काकू," हिमानी म्हणाली, "तुम्ही त्यांच्याच गाडीत का नाही बसलात?"

"बसले की. जन्मभर." काकूंनी संत्र्याची शीर ओढून काढली. "विमान टेकलं रे टेकलं की हे उभे. डोक्यावर ते सामानाचे कप्पे, मान अशी वाकडी. दार उघडायला अजून अवकाश. मी बसून राहते. शेवटी बॅगा यायच्या त्या एकाच पट्ट्यावर."

हिमानीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

"आणि ही ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेतल्यापासून तर ह्यांना बर्फ दिसायचाच बंद झालाय. ती गाडी पळवते गं. थांबवायची वेळ आली की तीही आपल्यासारखीच."

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. संत्र्याच्या फोडी त्यांनी रुमालावर ओळीनं मांडल्या आणि एकही तोंडात टाकली नाही.

ट्रक चढ चढत होता. त्याच्या चाकांना साखळ्या होत्या आणि त्यांचा आवाज दूर कुठेतरी कोणी सावकाश भांडी विसळत असल्यासारखा येत होता. मागच्या दारांवर बर्फाचा थर बसला होता, वारा त्यावर काहीबाही गिरवत होता आणि पुसत होता. खाली दोन लाल दिवे उघडमीट करत होते. हिमानीनं आपली नजर त्या दिव्यांना बांधून टाकली. थोड्या वेळानं तिला वाटू लागलं, आपण जागच्या जागीच आहोत; सरकतोय तो रस्ता. उंच झाडं पांढऱ्यातून बाहेर येत, एखाद्या परक्या लग्नातल्या पाहुण्यांसारखी काठाला उभी राहत, ओळख न दाखवता मागे जात. वायपर जात-येत होते. संत्र्याचा वास गाडीभर पसरला होता. या बंद, उबदार डब्यात वय, गाव, ऑफिस, सोमवारची मीटिंग, सगळंच कोणा दुसऱ्याचं असल्यासारखं झालं होतं.

फक्त आन्या तिची होती, आणि ती या पांढऱ्यात कुठेतरी पुढे होती.

घाटमाथा गेला. उतार लागला तसा ट्रक आणखी हळू झाला.

मग हिमानीला ते दिसलं. समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये, ताज्या बर्फावर, चाकांच्या खुणा. आधी सरळ. मग एकदम तिरक्या. मग लहान मुलानं खडू घेऊन रेघोट्या ओढाव्यात तसं एक मोठं गोल वेटोळं, अख्खा रस्ता ओलांडून उजवीकडे गेलेलं. तिथे ट्रकवाले साखळ्या लावायला थांबतात ती मोकळी जागा होती, आणि तिच्या तोंडाशी रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या नांगर-गाडीनं लोटलेल्या बर्फाचा माणसापेक्षा उंच ढीग. खुणा त्या ढिगामागे शिरल्या होत्या. मागे काय होतं ते रस्त्यावरून दिसत नव्हतं.

काकूंचा उजवा पाय समोरच्या पायपुसण्यावर रुतला. तिथे ब्रेक नव्हता. वर्षानुवर्षं त्या जागी बसून त्यांचा पाय असलाच ब्रेक दाबत आला होता.

"थांबू?" हिमानीचा आवाज तिचा राहिला नव्हता.

"इथे? उतारावर?" काकू कशाबशा म्हणाल्या. "मागून कोणी आलं तर आपणच जाऊ. पुढे जागा बघ. जागा येऊ दे."

जागा येत नव्हती. एका बाजूला बर्फाची भिंत, दुसऱ्या बाजूला खाली नदी असणार. तिचा फक्त अंदाज. हिमानीनं फोनवर बोट ठेवलं. फुली तशीच होती. तिनं पुन्हा ठेवलं. पुन्हा फुली.

वळण संपलं आणि आरशात दोन दिवे उगवले.

त्यातला एक अर्धा बर्फानं झाकला होता. गाडी हळूहळू जवळ आली. तिच्या टपावर जांभळं काहीतरी होतं, एका बाजूला कललेलं.

"काकू. मागे."

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी समोरची सावलीची पट्टी खाली ओढली, तिच्यातल्या आरशात बघत कपाळावरची टिकली नीट केली. टिकली नीटच होती. त्या बराच वेळ ती नीट करत राहिल्या.

"आहे," शेवटी म्हणाल्या. "मागच्या सीटवर, मधोमध. पिवळी टोपी. सरळ बसलीये. आत्ता नाक पुसलं तिनं."

हिमानीच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला शब्द नव्हता. मग शब्द आले, आणि ते एकदम आले.

"मी थांबवते त्यांना. दिवे मारते, हॉर्न देते. माझ्या पोरीला आत्ताच्या आत्ता या गाडीत घेते. काय समजतात काय स्वतःला!"

"घेशील. जागा आली की घे, मी स्वतः उतरून तिला आणीन. पण तोवर दिवे मारू नकोस." काकूंनी पट्टी वर केली. "आपण त्यांना ओळखलंय हे त्यांना कळता कामा नये."

"का?"

"कळलं तर पुढे येतील."

हिमानीनं क्षणभर रस्त्यावरची नजर काढून काकूंकडे पाहिलं. काकू थट्टा करत नव्हत्या.

"तुझ्या मागे राहिल्याचं तुला दिसलं, हे ह्यांना सहन नाही व्हायचं. मग असतील तसे पुढे घुसतील. तुझ्याही, ट्रकच्याही. पण ते पुढेच आहेत असं आपण धरून चाललो ना, की त्यांचं भागेल. गुपचूप मागे राहतील. मी ओळखते ना माझं माणूस."

फोन वाजला. डॅशबोर्डवर काकांचं नाव आलं. हिमानीनं काकूंकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग बटण दाबलं.

"हं, हिमानी." काकांनी घसा साफ केला. "कुठवर आलात?"

"ट्रकच्या मागेच आहे, काका." तिनं एक श्वास मोजून घेतला. "तुम्ही?"

पलीकडून फक्त वायपरचा आवाज. तो दोन्ही गाड्यांचा एकाच लयीत होता.

"आम्ही... आहोत. पुढे. जरा पुढे."

"बट काका, वी आर—" आन्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला. तिला कोणी गप्प केलं नव्हतं. तिचं तिलाच काही उमगलं असावं.

"आन्या?" हिमानी म्हणाली. "बाळा, ठीक आहेस ना तू?"

"आय ॲम फाइन, आई." मग जरा थांबून, "काका इज ड्रायव्हिंग रिअली स्लोली नाउ."

"पुढे ट्रॅफिक आहे जरा," काका घाईनं म्हणाले.

उल्का काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलले. हसू होतं की दुसरं काही, ते हिमानीला चालवता चालवता कळलं नाही.

"बरं झालं सावकाश चालवताय ते," हिमानी म्हणाली. "आम्ही येतोच मागून."

"हो. या."

फोन कोणी ठेवला नाही. दोन्ही गाड्यांमध्ये एकच शांतता पसरून राहिली. बर्फ आता वाऱ्याशिवाय पडत होता, जाड, आळसावलेला. रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी आली आणि गेली: पुढे जाण्यासाठी जादा लेन, अर्ध्या मैलावर. हिमानीनं ती वाचली. मागच्या गाडीतूनही ती वाचली गेली असणार. अर्ध्या मैलावर ट्रक उजवीकडे सरकणार, डावी लेन मोकळी होणार, आणि ज्याला पुढे जायचं असेल त्याला कोणी अडवू शकणार नव्हतं.

काकूंचा पाय पुन्हा रुतला.

"हिमानी." काकांचा आवाज.

"हं, काका."

"आता पुढे दोन लेन होतील. ट्रक तुला जागा देईल."

"हो. पाटी दिसली."

"तू घेऊ नकोस पुढे."

तिनं आरशात पाहिलं.

"आम्ही आत्ताच गेलो ना असल्या रस्त्यावरून, म्हणून सांगतो. बर्फाच्या खाली बर्फ आहे. काचेसारखा. वरून कळतच नाही. गाडी ऐकत नाही गं. ब्रेक दाबला तर मुळीच नाही. स्टिअरिंग फिरवलं तरी ती आपली तिला जायचं तिकडे..." आवाज बारीक होत गेला. "नशीब, समोरून कोणी—" ते थांबले. "म्हणजे, समोरून कोणी येत नसलं तरी घेऊ नकोस. काय?"

"नाही घेणार, काका."

"तुम्हाला लागलं नाही ना कुठे?" उल्का काकूंनी एकदम विचारलं.

हिमानीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला काय धाड भरलीये," काका म्हणाले. पण नेहमीसारखं नाही म्हणाले. "पोरगी ठीक आहे. बेल्ट होता तिचा. मीच लावायला लावला होता निघताना."

रस्ता रुंद झाला. ट्रकनं इंडिकेटर दिला आणि एखादं जड जनावर कूस बदलतं तसा तो उजवीकडे सरकला. डावीकडे नवी लेन उघडली, एकाही चाकाची खूण नसलेली, नुकत्याच धुतलेल्या चादरीसारखी पसरलेली. हिमानी ट्रकच्या मागोमाग उजवीकडे गेली आणि आरशात पाहत राहिली.

मागच्या गाडीचा एक दिवा अर्धा बर्फाखाली होता. त्या बाजूचा पिवळा इंडिकेटर लुकलुकला. उजवा.

"काका," हिमानी म्हणाली, "तुम्ही पुढे आहात ते बरं आहे."

आरशातले दोन दिवे उजवीकडे आले, तिच्या मागे सरळ झाले, आणि मग हळूहळू लहान होत गेले. दोन गाड्यांच्या मधे बर्फ पडायला पुरेशी जागा होईपर्यंत.