डाग लागलेली कांडी

मी ढवळणारी कांडी बोलतेय. बोटाच्या पेराएवढी, पोटात लोहचुंबक, वरून पांढरं प्लॅस्टिक. फ्लास्कमध्ये टाकून खालचं यंत्र चालू केलं की मी गरगरते. जन्मभर हेच केलं. श्रेय द्यायच्या वेळी कांडी कुणाला आठवत नाही.

हंगेरीतल्या सेगेड शहरातल्या त्या प्रयोगशाळेत कार्बनला कार्बन जोडायचं काम चाले. कार्बन मोठे हट्टी, पॅलेडियम धातू मध्यस्थीला असल्याशिवाय जुळायचेच नाहीत. दर वेळी त्या धातूची काळी पूड माझ्या ओरखड्यांत थोडी उरायची, घासून निघायची नाही. डॉक्टरेट करणारी एमोके सरांना म्हणाली, कांड्या काळ्या पडल्यात, नव्या मागवू या. हालमी सर हसले. आम्ही ह्यांच्यावरच शिकलो म्हणाले. त्यांच्याकडे कांडी फेकणं म्हणजे पाप, धुवायची आणि परत बरणीत टाकायची.

एकदा एमोकेने पॅलेडियम न घालताच प्रयोग लावला, आणि कार्बन जुळले! पुन्हा लावला, पुन्हा जुळले. तिच्या फ्लास्कच्या मापाची मी, म्हणून दर वेळी तिने मलाच उचललं होतं. धातूशिवाय जोडणी! सरांनी पालिंका या फळांच्या दारूची बाटली उघडली, पोगाचा नावाचे छोटे खारे पाव वाटले, शोधनिबंध छापला आणि गावोगाव भाषणं ठोकली. एमोकेची डॉक्टरेट पक्की झाली, असं सगळेच म्हणाले.

पण जर्मनीतल्या संशोधकांना तोच प्रयोग काही केल्या जमेना. सरांनी एमोकेला सगळ्यांदेखत प्रयोग करायला लावला. नेमकी मी तेव्हा दुसऱ्याच्या फ्लास्कमध्ये. तिने बरणीतली दुसरी, कमी वापरलेली कांडी घेतली. कार्बन ढिम्म. पोरीने आकडे रचले, अशी कुजबुज सुरू झाली.

पोरगी हुशार. शेजारून कोरी कांडी मागून आणली आणि दोन फ्लास्क लावले, एकात ती, एकात मी. माझ्याच फ्लास्कमधले कार्बन जुळले. मला चिमट्यात धरून ती तडक सरांच्या खोलीत गेली. मला वाटलं, सुटली बिचारी.

"धातू कांडीवर होता, सर. मी खोटं केलं नाही."

सरांनी आधी दार लावलं. "ते कळलं मला. पण जगाला काय सांगू? हालमीकडे धुतलेल्या वस्तूसुद्धा घाण असतात?"

"मग माझं काय?"

"तू तरुण आहेस गं. दुसरं काहीतरी करशील."

निबंध मागे घेतला गेला. कारण दिलं, विद्यार्थिनीने खोटे आकडे रचले. एमोके आता औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकते म्हणे. ती गेली त्याच आठवड्यात सरांनी कोऱ्या कांड्यांची पेटी मागवली आणि मला कचऱ्यात टाकलं. संताप येतो हो, पण कांडीचा संताप कुणाला ऐकू जाणार?

मला इथून उचलू नका, माझं काही नाही. पण तिच्या नावावर खोटारडी असा शिक्का बसलाय, तेवढा कुणीतरी पुसा. तिने डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं होतं.